चौथा ट्रॅक

४ मार्च, मंगळवार

बायको दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथे औषधाच्या कंपन्या डायऱ्या फुकट वाटतात. त्यातली ही एक तिने जानेवारीत माझ्यासमोर टाकली आणि म्हणाली, "माणसांवर खेकसण्यापेक्षा यात खेकसत जा." दोन महिने पडून होती. आज उघडली, कारण आज खेकसायचं आहे आणि बायको कामावर आहे.

खरं तर आनंदाचा फोन होता. लोकांनी घरच्या घरी रेकॉर्ड केलेली जुनी गाणी शोधून नव्याने काढणारी एक लहानशी कंपनी आहे. ती चालवणारी मुलगी बोलत होती, तिशीतली असेल. म्हणाली, "सर, तुमची कॅसेट मला भंगाराच्या दुकानात मिळाली. दोन वर्षं ऐकतेय. त्यातलं 'जिना' तर मी रोज ऐकते. तुमची सगळी गाणी आम्हाला काढायचीत." भंगाराच्या दुकानात. बत्तीस वर्षांपूर्वी पन्नास प्रती मी हाताने करून ओळखीपाळखीच्यांना वाटल्या होत्या. त्यातल्या कुणी भंगारात टाकली, हे आता मरेपर्यंत डोक्यात राहणार.

तरी खुश होतो, खोटं कशाला लिहू.  मग ती म्हणाली, सोबत एक पुस्तिका असेल, प्रत्येक गाण्याखाली तुम्ही चार ओळी लिहा. गाणं कसं सुचलं आणि त्यावर कुणाचा प्रभाव आहे.

प्रभाव म्हटलं आणि माझं टाळकं फिरलं. मी वजनकाटे दुरुस्त करतो. पस्तीस वर्षं करतोय. माझ्या कारखान्यात येऊन कुणी विचारत नाही की या किलोवर कुणाचा प्रभाव आहे. किलो तो किलो. तसं माझं गाणं ते माझं गाणं. मागच्या खोलीत भिंतींना घोंगड्या ठोकून, दार लावून, एकट्याने केलेलं. त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तिला म्हणालो, लिहीन. काय लिहीन ते सांगितलं नाही.

९ मार्च, रविवार

ताई आली होती. दर रविवारी दुपारी येते. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मेव्हण्यांची नोकरी लांब होती तोवर वर्षा-दोन वर्षांनी भेट व्हायची. ते गेल्यावर ती याच शहरात परत आली, बसने वीस मिनिटांवर राहते. शिवणाचे वर्ग घेते.

मोठ्या उत्साहाने सांगितलं तिला, कंपनी माझी गाणी काढतेय. ती म्हणाली, "बरं झालं." एवढंच. बायकोचं तरी शेजारीपाजारी सांगून झालं होतं. मी मुद्दाम 'जिना' लावलं. पहिले सूर वाजले नाहीत तोच ताई उठली आणि म्हणाली, "कपडे वाळले असतील, आणते." गॅलरीत गेली ती गाणं संपल्यावर आली. हातात सगळे कपडे, सगळे ओले.

हे आजचं नाही. बत्तीस वर्षांत माझ्या एकाही गाण्याला तिने चांगलं म्हटलेलं नाही. 'जिना'च्या वेळी तर हटकून उठते. परक्या लोकांना आवडतं आणि सख्ख्या बहिणीला कपडे आठवतात. घरचा माणूस मोठा झालेला घरच्यांना बघवत नाही, दुसरं काय. बायकोला म्हटलं तसं, तर ती म्हणाली, "ताईंना विचारा की एकदा सरळ." मी कशाला विचारू?

१२ मार्च, बुधवार

टिपा लिहायला बसलो. 'वरच्या मजल्यावरचा पंप' : पंपाच्या आवाजाला कंटाळून केलं. 'सुट्टे नाहीत' : एका कंडक्टरशी झालेलं भांडण. 'दाढी' : आठवत नाही. अशी अकरा गाणी.

'जिना'ला वेळ लागला. शेवटी लिहिलं की कारखान्याच्या मागे लोखंडी जिना होता, एकोणीस पायऱ्यांचा. रोज खांद्यावर वजनं घेऊन चढायचो. पायांच्या त्या आवाजातून चाल आली. वाचायला बरं वाटतं. चाल कशी आली ते मला नीट आठवत नाही, पण जिना होता हे खरं आहे.

त्या गाण्यात गिटार जरा मोकळी मोकळी वाजते, लोकांना तेच आवडतं. त्याचं कारण साधं आहे. आदल्या दिवशी काट्याच्या पात्याने डाव्या हाताचं बोट कापलं होतं. तिच्यावर दुसरी गिटार रेकॉर्ड करायची होती, ती राहूनच गेली. गिटार तशी ताईची. लग्न होऊन गेली तेव्हा ती न्यायची राहिली आणि मग माझी झाली. सुरुवातीला दोन-तीन गोष्टी तिने दाखवल्या होत्या, पण त्याला शिकवणं म्हणत नाहीत. टिपेत लिहिलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

आज मन मोकळं केलं. 'जिना'च्या टिपेला दोन पानं जोडली आणि गिटारवाल्याची लक्तरं वेशीला टांगली.

गिटारवाला म्हणजे माझा त्या काळचा मित्र. गल्लीच्या टोकाला राहायचा. मागच्या खोलीत यायचा, माझा चहा प्यायचा, माझी गाणी ऐकायचा. पुढे जाहिरातींना संगीत द्यायला लागला आणि एके दिवशी एका पंख्याच्या जाहिरातीत मला माझ्या 'जिना'ची पहिली ओळ ऐकू आली. जशीच्या तशी. शब्द तेवढे पंख्याचे. सहा वर्षं ती जाहिरात चालली. मुलं गुणगुणायची, न्हावी गुणगुणायचा, एकदा तर माझ्याच कारखान्यात एक गिऱ्हाईक काट्यावर पोती ठेवता ठेवता ती चाल शिट्टीत वाजवत होतं. मी त्याचा काटा दोन दिवस उशिरा दिला.

आयत्या बिळावर नागोबा, तो हा. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही आणि त्या कंपनीचा पंखा घरात येऊ दिलेला नाही. ताईकडे मात्र बाहेरच्या खोलीत त्याच कंपनीचा टेबल फॅन आहे. मी गेलो की बंद करतो. ती पुन्हा लावते. मग मी दाराजवळ घाम पुसत बसतो.

१६ मार्च, रविवार

कंपनीवाली मुलगी आज दिवसभर घरी होती. कामाची आहे, उगीच गोड बोलत नाही. माझं जुनं यंत्र आणि एकूणएक कॅसेटा मी नंबर घालून ठेवलेल्या, ते बघून तिचे डोळे मोठे झाले.

तिने वायरी जोडून सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. माझं यंत्र चार ट्रॅकचं आहे, म्हणजे कॅसेटच्या फितीवर शेजारी शेजारी चार अरुंद पट्ट्या. एकीवर गाणं, एकीवर गिटार, एकीवर बिस्किटाच्या डब्याचा ठेका, असं एकेक भरत जायचं. साध्या टेपरेकॉर्डरला यातल्या दोन पट्ट्या म्हणजे एक बाजू आणि उरलेल्या दोन म्हणजे दुसरी, म्हणून तिथे कॅसेट उलटावी लागते. माझ्यात चारही एकाच दिशेने चालतात. हे तिला सांगायला गेलो तर तिला सगळं माहीत होतं.

ताई आली, त्या मुलीला बघून दारातूनच म्हणाली, "पाहुणे आहेत, पुढच्या रविवारी येते." आणि गेली. कंपनीवालीने विचारलं, कोण होत्या? म्हटलं, बहीण, तिला गाण्यातलं काही कळत नाही.

१८ मार्च, मंगळवार

कंपनीवालीचा फोन. गिटारवाल्याची दोन पानं छापता येणार नाहीत म्हणे. "सर, पुरावा नसताना कुणाला चोर कसं म्हणायचं?" मी म्हणालो, पुरावा माझे कान आहेत. ती म्हणाली, त्यांच्याशी एकदा बोला तरी, त्यांनी कबूल केलं तर छापू.

जळो. बोलतो. मला काय भीती आहे?

१९ मार्च, बुधवार

नंबर मिळवला. सव्वीस वर्षांनी त्याचा आवाज ऐकला. म्हातारा झालाय, खोकतो. आधी ओळखलंच नाही त्याने, मग एकदम "अरे तू!" म्हणून गळ्यातच पडायला निघाला. मी म्हटलं, ते राहू दे, 'जिना'ची चाल माझी होती हे कबूल कर, मला पुस्तिकेत छापायचंय.

तो म्हणाला, "तुझी? तू मला पहिल्यांदा ऐकवलीस तेव्हा तूच म्हणालास ना, ताईने पाठवलीये, बघ कशी आहे?"

असा संताप आला. उचलली जीभ लावली टाळ्याला. चोरी पचवायला आता माझ्या बहिणीला मध्ये आणतोय. मी म्हटलं, "लाज वाटू दे जरा." त्यावर म्हणतो, "ताईंना विचार, मी काही सांगत नाही." फोन आपटला. मोबाइल आपटता येत नाही, गादीवर फेकला.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी असं कधीच म्हणालो नव्हतो. म्हणालो असतो तर आठवलं असतं.

२२ मार्च, शनिवार

आज मात्र चांगलं घडलं. कंपनीवालीचा भला मोठा मेल आला. 'जिना'चे चारही ट्रॅक वेगवेगळे ऐकताना तिला चौथ्यावर एका बाईचा आवाज सापडला. उलटा चालणारा. शब्द कळत नाहीत, पण सूर असा आहे की तिने कामं सोडून तो वीसदा ऐकला. माझ्या मूळ गाण्यात तो नाहीच, मी तो ट्रॅक बंद ठेवला होता. तिला तो गाण्यात घ्यायचाय. सगळ्या संग्रहाचं नावच 'जिना' ठेवायचंय. विचारते, "सर, त्या काळी, घरी, हे तुम्हाला सुचलं कसं?"

खरं सांगायचं तर चौथ्या ट्रॅकवर काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. बोट कापलं म्हणून तो रिकामा राहिला, एवढंच. पण इतकं कौतुक आयुष्यात कुणी केलेलं नाही. मी लिहून टाकलं की हो, तो एक प्रयोग होता, ओळखीच्या एका मुलीचा आवाज घेऊन फिरवला होता.

पाठवल्यावर वाटलं, हे खोटं झालं. पण लोक असं करतातच. नुसतं नशिबाने झालेलं कुणी पुस्तिकेत लिहीत नाही.

२३ मार्च, रविवार

बायकोने मेल वाचला. "ही ओळखीची मुलगी कोण म्हणे?" सकाळपासून तेच. कोणी नाही म्हटलं तर अजून पेटली. "बत्तीस वर्षांपूर्वी म्हणजे आपलं ठरलं होतं तेव्हा." शेवटी दुपारी ताई आल्यावर तिच्यासमोर कोर्ट भरवलं. हसत हसतच, पण भरवलं. "ताई, यांच्या गाण्यात एका बाईचा आवाज निघालाय. उलटा गातेय."

ताई चहा गाळत होती. तिने विचारलं, "कुठल्या गाण्यात?"

"जिना."

तिने गाळणी खाली ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाली, "उलटा म्हणजे दुसऱ्या बाजूचा." मग पर्स घेतली आणि चहा न घेता गेली. शिवणाच्या बाईला ट्रॅक आणि बाजू कुठून कळायला लागल्या? आणि माझ्यावर रागवायचं कारण काय? या घरात प्रत्येकजण मला गुन्हेगार ठरवायला टपलाय.

२६ मार्च, बुधवार

दुपारी कारखान्यातून लवकर आलो. कंपनीवालीला त्या आवाजाबद्दल आणखी माहिती हवी होती, म्हणून म्हटलं आपणच एकदा ऐकावं. कॅसेट काढली, नंबर सात. स्वयंपाकघरातल्या साध्या टेपरेकॉर्डरमध्ये उलटी घातली.

माझी गिटार उलटी वाजायला लागली. आणि तिच्यावर ताईचा आवाज, सुलट.

गात होती. 'जिना'ची चाल. माझे शब्द नाहीत, तिचे आहेत, दुपारच्या उन्हाचे काहीतरी. पहिली ओळ तीच, दुसरी तीच, मधली ती वळणाची जागासुद्धा तीच, जिच्याबद्दल मी लोकांना सांगत आलोय की तिथे मला तीन रात्री झोप नव्हती. मग गाणं अर्धवट थांबतं आणि ती हळू आवाजात बोलते. "धाकट्या, पुढचं नाही रे सुचत. जिन्यात बसून म्हणतेय, घरात सगळे झोपलेत. शेजारणीचा टेपरेकॉर्डर आहे, चारला परत द्यायचाय. सात झाली बघ गाणी. पुढचं तू कर, तुला जमेल. कसं वाटलं ते कळव. नक्की कळव."

मग माझं दुसरं गाणं सुरू होतं. त्यात मी चारही ट्रॅक भरले होते. तिथून पुढे मी आणि मीच, उलटा.

कॅसेट हातात घेऊन बसलो. मागच्या कडेला दोन चौकोनी भोकं असतात. कॅसेटवर कुणी चुकून रेकॉर्ड करू नये म्हणून तिथल्या पट्ट्या मोडून टाकतात. या कॅसेटच्या दोन्ही मोडलेल्या आहेत. तिने मोडून पाठवल्या होत्या. आणि पुन्हा रेकॉर्ड करता यावं म्हणून दोन्ही भोकांवर चिकटपट्टी लावलेली आहे. दुकानातली साधी चिकटपट्टी नाही, जखमेला लावतात ती. कापलेल्या बोटाची.

२७ मार्च, गुरुवार

एका भाजीवाल्याचा काटा पन्नास ग्रॅमने चुकीचा लावून दिला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. तो परत आला आणि मी त्याच्यावरच ओरडलो.

तीच म्हणाली होती ना, पुढचं तू कर म्हणून? टेपवर आहे. म्हणजे मी चोरी केलेली नाही, मला सांगितलेलं काम केलं. हे मी तिला तोंडावर सांगणार आहे.

३० मार्च, रविवार

ताई आली नाही. मी गेलो.

दार उघडल्या उघडल्या म्हणाली, "ऐकलंस?" मी हो म्हटलं. आत जाऊन बसलो, पंखा चालू होता, आज बंद केला नाही. विचारलं, "तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

ती शिलाईच्या मशीनवर बसली होती. हातातलं काम तिने थांबवलं नाही. "काय बोलायचं? तुझी कॅसेट आली पोस्टाने. मी कौतुकाने लावली. तिसरं गाणं माझं, वर नाव तुझं. म्हटलं, चला, भावाला आवडलं तर. आता पत्र येईल, त्यात लिहील. एक महिना वाट बघितली, दोन महिने बघितली. तू वर्षाने भेटलास तेव्हा मला म्हणालास, ताई, माझं 'जिना' ऐकलंस का?"

"तू म्हणाली होतीस, पुढचं तू कर. टेपवर आहे ते."

"पुढचं कर म्हटलं होतं. मागचं पूस म्हटलं नव्हतं."

मी गिटारवाल्यावर घसरलो. निदान तो तरी चोर होता, त्याने तरी न विचारता घेतली.

"त्याने विचारलं होतं मला," ताई म्हणाली. "पत्ता शोधत घरी आला. म्हणाला, तुमच्या भावाने सांगितलंय चाल तुमची आहे, जाहिरातीत घेऊ का? मी घे म्हटलं. विचारणारा तोच एक भेटला." मग मानेनेच टेबल फॅन दाखवला. "नंतर हा पाठवून दिला त्यांनी."

"माझी चाल तू पंख्याला दिलीस?"

मशीन थांबलं. "कुणाची चाल?"

मी उठून निघून आलो. बसमध्ये उभं राहून इतका रागावलो होतो की उतरायचा थांबा गेला. चालत परत आलो. सव्वीस वर्षं ज्याला शिव्या दिल्या त्याने शिष्टाचार पाळला, आणि हे तिने मला सांगितलं नाही. सांगायला नको होतं? मी मूर्खासारखा तिच्या दारात घाम पुसत बसायचो आणि ती बघायची. तिला मजा वाटत असेल. हे लिहितानासुद्धा तळपायाची आग मस्तकात जातेय, आणि कुणावर काढावी ते कळत नाही.

३१ मार्च, सोमवार

बायकोला सगळं सांगितलं. वाटलं होतं माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "ओले कपडे घेऊन यायच्या हो त्या."

आता आठवतंय, आणि आठवतंय याचाच राग येतोय. कॅसेट आली तेव्हा आईने ती तीनदा ऐकली होती. मीही ऐकली होती. चांगली आहे म्हणालो होतो, आईला, ताईला नाही. नंतर ती यंत्राशेजारी पडून होती. रविवार होता, दुकानं बंद, कोरी कॅसेट नव्हती आणि डोक्यात चाल उसळत होती. थांबवत नव्हतं. ती चाल कुठून आली हे विचारायलाही मी थांबलो नाही. एका दिवसासाठी तिच्याच कॅसेटवर रेकॉर्ड केलं.

५ एप्रिल, शनिवार

सलग चार संध्याकाळी कॅसेट नंबर सातचा प्रत्येक ट्रॅक, सुलटा आणि उलटा, ऐकून काढला. कुठे दोन गाण्यांमध्ये काही राहिलं असेल, शेवटी फितीचा तुकडा उरला असेल. काही नाही. एका ठिकाणी अर्धा सेकंद तिचा श्वास आहे, की माझा, सांगता येत नाही. मी फीत वाया घालवत नसे. त्याचा मला अभिमान होता.

६ एप्रिल, रविवार

ताई आली. नेहमीच्या वेळेला, जणू काही झालंच नाही अशी. चप्पल काढता काढता म्हणाली, "लाव."

मागच्या खोलीत ती लग्नानंतर पहिल्यांदाच आली. मी तिला खुर्चीत बसवून मोठे हेडफोन घातले. तिचे केस अडकले, मी सोडवायला गेलो तर हात झटकला. चार मिनिटं ऐकत होती. रडली नाही. एकदा हसली, मला वाटतं "चारला परत द्यायचाय" आलं तेव्हा.

हेडफोन काढून म्हणाली, "बाकीची?"

"ही एकच राहिली."

"सात होती."

मी नंबर घातलेले खोके दाखवले, चार संध्याकाळी काय केलं ते सांगितलं. म्हटलं, तुला आठवत असतील तर आत्ता म्हण, मी घेतो, चांगला माइक आहे. ती बसली. डोळे मिटून काहीतरी जुळवायला लागली. दोन सूर लागले, तिसऱ्याला ती पंख्याच्या जाहिरातीत गेली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. मग डोळे उघडले आणि इतक्या रागाने माझ्याकडे बघितलं की मी यंत्रावरचा हात काढला.

"नाही आठवत," म्हणाली. "तेव्हा लिहून नव्हती ठेवली. तुझ्याकडे पाठवली म्हणजे राहतील असं वाटलं होतं."

मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच मागितली असेन, त्यामुळे ती वाईट मागितली. ती म्हणाली, "ते राहू दे. त्या मुलीला सांग, माझा आवाज घ्यायचा तर घे, पण सुलटा. आणि तुझे तीन ट्रॅक काढून टाक."

मला वाटलं चुकीचं ऐकलं. म्हटलं, "ताई, मग 'जिना' उरतच नाही. लोकांना तेच आवडतं. त्यावरच सगळा संग्रह आहे."

"मग काढू नका."

"निदान मागे गिटार तरी राहू दे."

"गिटार पण माझीच होती," ताई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

८ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस तिच्यावर धुमसत होतो. एकसष्टाव्या वर्षी इतका हट्ट. माझं एकच गाणं लोकांना आवडतं, तेवढंच नेमकं तिला बंद करायचंय. उरलेल्या दहांची किंमत मला माहीत आहे. 'दाढी' कोण ऐकणार? काल कारखान्यात वजनं पुसता पुसता ठरवलं की सरळ नाही म्हणायचं. तिच्याशिवाय जुनं 'जिना' जसं आहे तसं काढायचं. कुणाला काय कळणार आहे?

नाही म्हणायला फोन उचलला आणि मग तिचं ते "नक्की कळव" आठवलं.

कंपनीवालीला सगळं सांगितलं, प्रयोगाची थापसुद्धा. ती रागावली नाही. उलट म्हणाली, "किती सुंदर गोष्ट आहे सर, पुस्तिकेत हीच लिहू." त्यावर मात्र भडकलो. म्हणालो, यात सुंदर काही नाही, बाईची सहा गाणी गेली.  ती हळूच म्हणाली, "पण सर, तुमचं 'जिना' मग कुठेच राहणार नाही." मी म्हणालो, तुमच्याकडे भंगारातली कॅसेट आहे, ती ऐका.

९ एप्रिल, बुधवार

मिश्रण मीच केलं. काम काहीच नव्हतं. दोन, तीन, चार, तिन्ही बटणं खाली. पहिलं वर. कॅसेट उलटी, त्यामुळे चौथा ट्रॅक पहिल्याच्या जागी.

टीप लिहून ताईला फोनवर वाचून दाखवली. त्यात होतं, "तिची बाकीची गाणी काळाच्या ओघात हरवली."

"हरवली नाहीत," ताई म्हणाली. "पुसलीस. किती ते पण लिही."

विचारलं, नाव कुठलं टाकू, माहेरचं की सासरचं. म्हणाली, नुसतं माझं टाक.

१० एप्रिल, गुरुवार

नवी टीप पाठवली. पहिल्या ओळीत नुसतं तिचं नाव आहे. त्याखाली हे :

"माझ्या थोरल्या बहिणीने हे गाणं जिन्यात बसून, शेजारणीच्या टेपरेकॉर्डरवर म्हटलं आणि मला पाठवलं. तिने अशी सात पाठवली होती. कसं वाटलं ते कळव म्हणाली होती, मी कळवलं नाही. सहा गाणी मी पुसली. या सातव्यात मी काहीही केलेलं नाही. फक्त हे पुसायचं राहिलं, आणि तेही बोट कापलं म्हणून."